लॅपटॉपची निरवानिरव : बंद होण्यास अडून बसणाऱ्या यंत्राची परीक्षा व उपाय

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांचे स्मरण, देणगीदारांविषयीची कृतज्ञता आणि गतकार्याचा आढावा यांना अग्रस्थान मिळावे हे योग्यच आहे. त्या मंगल पंक्तीत लॅपटॉपच्या एका दुखण्याविषयीचा लेख येऊन बसावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु क्षणभर विचार करावा. एके काळी संस्थेची कीर्द व खतावणी लाल कापडी बांधणीच्या वह्यांत असे. दिवेलागणीस खजिनदारांनी वही मिटून कपाटात ठेवली, की त्या दिवसाचे काम संपले. आज तीच कीर्द, देणगीदारांची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि सभांची इतिवृत्ते एका लॅपटॉपात नांदतात. फरक एवढाच, की वही मिटताना कधी अडून बसत नसे; लॅपटॉप मात्र अधूनमधून बसतो.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर बटण दाबून धरून यंत्राचा गळा आवळतात, किंवा झाकण मिटून 'होईल आपोआप बंद' म्हणून घरी जातात. पहिल्या उपायाने ३१ मार्चच्या रात्री लिहिलेला हिशेब अर्धवट राहू शकतो. दुसऱ्याने यंत्र रात्रभर तापते. याहून वाईट म्हणजे, कंटाळून ते दुकानात नेले जाते आणि 'सगळे पुसून नवे टाकून देतो' या एका वाक्यासरशी कित्येक वर्षांची माहिती नाहीशी होते. धर्मादाय पैशातून नवा लॅपटॉप घेण्याचा ठरावही पुष्कळदा अशाच किरकोळ दुखण्यापायी मांडला जातो. म्हणून हा विषय रुक्ष असला, तरी संस्थेच्या आणि सभासदांच्या घरांच्याही हिताचा आहे.

प्रस्तुत विवेचन मुख्यतः विंडोज १० व विंडोज ११ या प्रणालींना अनुलक्षून आहे. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणाऱ्या नियमित सुधारणांची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हे जाताजाता ध्यानात ठेवावे.

१. बंद होणे म्हणजे काय?

विजेचा दिवा बंद करणे म्हणजे प्रवाह तोडणे. संगणक बंद करणे म्हणजे प्रथम आवराआवर करणे आणि मग प्रवाह तोडणे. हा भेद कळला, की निम्मा विषय कळला.

जुन्या संगणकांत ही दोन कामे स्पष्टपणे वेगळी होती. विंडोज ९५ च्या काळी यंत्र आपली आवराआवर संपवून काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' अशा अर्थाचे वाक्य दाखवी. मग माणसाने उठून खटका दाबायचा. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची नवी रचना आणली. तिच्यामुळे खटका थेट वीज तोडीनासा झाला. तो केवळ यंत्राला निरोप देऊ लागला. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी एसीपीआय नावाचे नियम प्रसिद्ध केले. यंत्राने केव्हा जागे असावे, केव्हा झोपावे आणि केव्हा पूर्ण विझावे याची भाषा त्या नियमांनी ठरवून दिली. आजचा लॅपटॉप त्याच परंपरेतील आहे. म्हणजे त्याच्या अंगावरील बटण हा दिव्याचा खटका नसून दारावरची घंटा आहे. ती वाजविल्यावर आत कोणी उत्तर दिले नाही, तर दार उघडत नाही.

आत काय चालते ते आपल्या सभागृहाच्या उपमेने सहज कळेल. कार्यक्रम संपला. पहारेकऱ्याने मुख्य खटका लगेच ओढला, तर अंधारात धक्काबुक्की होईल. म्हणून तो आधी श्रोत्यांस विनवतो, 'मंडळी, चला आता.' ते गेल्यावर स्वयंपाकघरातील माणसे भांडी आवरतात, ध्वनिक्षेपकवाला आपली तार गुंडाळतो, हिशेबनीस पेटीला कुलूप लावतो आणि सर्वांत शेवटी मुख्य खटका ओढला जातो. लॅपटॉपातही क्रम असाच आहे.

पहिल्याने उघड्या असलेल्या आज्ञावलींना, म्हणजे ज्यांना आपण ॲप म्हणतो त्यांना, 'निघता का?' असे विचारले जाते. त्यांना साधारण पाच सेकंदांची सवड मिळते. तेवढ्यात जी निघत नाही, तिचे नाव पडद्यावर झळकते. दुसऱ्याने, पडद्यामागे चालणाऱ्या सेवा थांबविल्या जातात; छपाई, विषाणुरोधक, सुधारणा उतरवून घेणे इत्यादी कामे या करतात. तिसऱ्याने, जे लिखाण अजून तात्पुरत्या स्मृतीत आहे ते कायमच्या साठ्यावर उतरविले जाते. चौथ्याने, ड्रायव्हर म्हणजे प्रत्येक भागाचा हाकारी असणारी जी आज्ञावली, ती आपला भाग निजविते. आणि अखेरीस यंत्राच्या मूळ आज्ञावलीस, जिला बायॉस किंवा नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात, 'आता वीज तोड' असा आदेश जातो.

या पाच पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर गाडे अडले, हे ओळखणे म्हणजेच रोगनिदान. ते न करता उपाय करीत सुटणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

२. 'बंद' या शब्दाचे चार अर्थ

लॅपटॉप 'बंद' होण्याचे चार प्रकार आहेत आणि घोटाळ्याचे मोठे मूळ त्यांच्या सरमिसळीत आहे.

पहिला प्रकार 'स्लीप', म्हणजे झोप. झाकण मिटल्यावर बहुधा हेच होते. काम स्मृतीत तसेच राहते आणि थोडी वीज खर्च होत राहते. अलीकडच्या कित्येक यंत्रांतील झोप फार सावध असते. ती पडद्याआड जाळ्याशी संपर्क ठेवून असतात आणि मधेच जागीही होतात. पिशवीतून काढलेला लॅपटॉप गरम लागतो, तो पुष्कळदा यामुळेच.

दुसरा प्रकार 'हायबरनेट'. यात स्मृतीतील सर्व मजकूर साठ्यावर उतरवून वीज तोडली जाते. पुन्हा सुरू केल्यावर काम जेथे होते तेथून पुढे चालते.

तिसरा प्रकार पूर्ण 'शट डाउन'. सर्व आवरून, सर्व विसरून विझणे. सकाळी सर्व नव्याने मांडावे लागते.

चौथा प्रकार सर्वांत फसवा. २०१२ साली विंडोज ८ बरोबर 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि पुढील प्रणालींत ती पुष्कळ यंत्रांवर आधीपासूनच चालू असते. आपल्या आज्या रात्री चूल विझवीत नसत. निखाऱ्यांवर राख ओढून ठेवीत, म्हणजे पहाटे फुंकर घातली की जाळ तयार. फास्ट स्टार्टअप म्हणजे नेमके हेच. आपण 'शट डाउन' म्हणतो तेव्हा आपले काम व आपली ॲपे बंद होतात, परंतु प्रणालीचा गाभा साठ्यावर जपून ठेवला जातो. त्यामुळे सकाळी यंत्र लवकर उठते. मात्र काल गाभ्यात किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये शिरलेला बिघाडही राखेखाली तसाच धुगधुगत राहतो. उलट 'रिस्टार्ट' म्हटले, की चूल खरोखरीच विझते आणि नव्याने पेटते. 'बंद करून चालू केले तरी तक्रार तीच, पण रिस्टार्ट केल्यावर गेली' असा अनुभव पुष्कळांना येतो, त्याचे कारण हे आहे.

याची खूणगाठ पाहावयाची असल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' खाली 'सीपीयू' निवडल्यावर 'अप टाइम' असा काळ दिसतो. आपण रोज रात्री यंत्र बंद करीत असूनही तो कित्येक दिवसांचा दिसला, तर निखारे झाकले जात आहेत असे समजावे. हा दोष नव्हे. परंतु यंत्र बंद होताना अडत असेल, तर पहिला संशय येथेच घ्यावा.

३. हात लावण्यापूर्वी निरीक्षण

वैद्य नाडी पाहण्यापूर्वी चेहरा पाहतो. यंत्र अडले, की दोन मिनिटे काहीही न दाबता पुढील गोष्टी पाहून कागदावर टिपाव्यात. पडद्यावर काय दिसते? बटणाजवळचा दिवा जळत आहे काय? पंख्याचा आवाज येतो काय? बाहेरून काय काय जोडलेले आहे: प्रिंटर, पेन ड्राइव्ह, माऊस, बाहेरचा पडदा? हे दुखणे केव्हापासून आहे, आणि त्याच सुमारास नवे काही बसविले होते काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरातील किंवा कचेरीतील सर्वांना विचारून घ्यावे. 'मी काही केले नाही' हे उत्तर सर्वत्र मिळते. 'नवा प्रिंटर जोडला होता ना, काका?' असे विचारले, की आठवण होते.

निरीक्षणाअंती रोगी चारपैकी एका वर्गात पडतो.

अ वर्ग : पडद्यावर एखाद्या ॲपचे नाव येऊन ते बंद होण्यास अडथळा करीत असल्याचे सांगितले जाते.
ब वर्ग : 'शटिंग डाउन' या शब्दांशेजारी ठिपके फिरत राहतात, पुढे काही होत नाही.
क वर्ग : पडदा काळा होतो, परंतु दिवा जळत राहतो व पंखा फिरत राहतो.
ड वर्ग : यंत्र बंद होते आणि लगोलग आपणहून पुन्हा सुरू होते.

४. लक्षणानुसार उपाय

अ वर्ग सर्वांत सौम्य. येथे गाडे पहिल्याच पायरीवर अडलेले असते, आणि अडविणारा स्वतःचे नाव सांगतो. पडद्यावर 'शट डाउन एनीवे' म्हणजे 'तरीही बंद कर' आणि 'कॅन्सल' असे दोन पर्याय असतात. घाईने पहिला निवडू नये. 'कॅन्सल' करून परत जावे आणि त्या ॲपमध्ये पाहावे. बहुधा न साठविलेले एखादे पत्र किंवा तक्ता वाट पाहत असतो आणि 'जतन करू का?' हा प्रश्न दुसऱ्या खिडकीमागे दडलेला असतो. हिशेबाच्या आज्ञावलीचे नाव आले तर विशेष जपावे. ती तिच्या स्वतःच्या मार्गाने बंद करावी. एकच नाव रोज येत असेल, आणि ते प्रिंटरबरोबर आलेल्या एखाद्या लहानशा मदतनीस आज्ञावलीचे असेल, तर ती नव्याने बसवावी किंवा नको असल्यास काढून टाकावी.

ब वर्गात दोन शक्यता असतात. पहिली शक्यता अशी, की यंत्र खरोखरच काम करीत आहे. पडद्यावर सुधारणा चालू असल्याचे व संगणक बंद न करण्याचे वाक्य असेल, तर चार्जर जोडून स्वस्थ बसावे. जुन्या, संथ यंत्रांत यास तास किंवा अधिकही लागू शकतो. या अवस्थेत वीज तोडणे म्हणजे शस्त्रक्रियेच्या मध्यावर दिवे घालविण्यासारखे आहे. दुसरी शक्यता, एखादी सेवा किंवा ड्रायव्हर उत्तर देत नाही. तेव्हा दहापंधरा मिनिटे वाट पाहावी आणि तोवर बाहेरची जोडणी एकेक करून काढावी. पेन ड्राइव्ह वा प्रिंटर काढताच यंत्र पटकन विझले, तर गुन्हेगार सापडलाच. मात्र ज्या बाहेरच्या साठ्यावर लिखाण चालू असल्याचा दिवा लुकलुकत आहे, त्यास हात लावू नये.

क वर्गात आवराआवर जवळजवळ पुरी झालेली असते; शेवटच्या एकदोन पायऱ्यांवर खोळंबा असतो. येथे फास्ट स्टार्टअपवर संशय सर्वांत अधिक. तो पारखण्याची सोपी रीत अशी : शिफ्ट कळ दाबून धरावी आणि तशीच धरून 'शट डाउन' निवडावे. असे केल्याने त्या एका वेळेपुरती चूल पूर्ण विझविली जाते. (शिफ्ट धरून 'रिस्टार्ट' मात्र निवडू नये, त्याने दुरुस्तीचा वेगळाच पडदा उघडतो आणि नवखा माणूस गोंधळतो.) शिफ्टसह यंत्र नीट विझत असेल आणि शिफ्टशिवाय अडत असेल, तर निदान पक्के झाले.

कायमचा उपाय असा. 'कंट्रोल पॅनेल' उघडून 'पॉवर ऑप्शन्स' मध्ये जावे. डाव्या बाजूस 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' असे आहे, ते निवडावे. मग वरच्या भागातील 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' या ओळीवर टिचकी मारावी; तसे केल्याशिवाय खालच्या खुणा हलत नाहीत. आता 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' पुढील खूण काढून बदल जतन करावा. यंत्र सुरू होण्यास काही सेकंद अधिक लागतील, एवढाच तोटा. उपयोग न झाल्यास खूण पुन्हा करता येते, म्हणून या उपायास भिण्याचे कारण नाही. ती ओळच दिसत नसेल, तर त्या यंत्रावर हायबरनेटची सोय बंद आहे असे समजून पुढे जावे.

एवढ्याने न भागल्यास ड्रायव्हरांकडे वळावे. पडद्याचे चित्र रेखाटणारा, बिनतारी जाळ्याचा आणि मूळ चिपसेटचा, हे तीन ड्रायव्हर लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून, आपल्या यंत्राचा नेमका नमुना पाहून घ्यावेत. 'सर्व ड्रायव्हर एका टिचकीत' असे सांगणाऱ्या फुकट आज्ञावलींच्या नादी लागू नये. त्याच अधिकृत ठिकाणी बायॉसचीही सुधारणा मिळते. ती करताना बॅटरी भरलेली असावी, चार्जर जोडलेला असावा आणि काम पुरे होईपर्यंत यंत्रास हात लावू नये.

ड वर्गाची कारणे निरनिराळी असतात. बंद होता होता प्रणाली कोसळली, तर पुन्हा सुरू होण्याची आज्ञा तिला आधीच दिलेली असते. त्यामुळे कोसळणे आपल्याला दिसत नाही, सुरू होणे तेवढे दिसते. 'सिस्टिम प्रॉपर्टीज' मध्ये 'ॲडव्हान्स्ड' खाली 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' असा भाग आहे. त्यातील 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' पुढची खूण काढावी. मग पुढच्या वेळी निळा, किंवा अलीकडील विंडोज ११ मध्ये काळा, पडदा थांबून राहतो व त्यावरील संकेत वाचता येतो. त्यात 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' असे शब्द असतील, तर एखादा ड्रायव्हर वेळेवर निजत नाही असा त्याचा अर्थ.

दुसरे कारण बाहेरून उठविले जाण्याचे. 'डिव्हाइस मॅनेजर' मध्ये जाळ्याच्या किंवा माऊसच्या गुणधर्मांत 'पॉवर मॅनेजमेंट' खाली यंत्रास जागे करण्याची परवानगी असते. ती काढून पाहावी. काही लॅपटॉप झाकण उघडताच किंवा चार्जर जोडताच सुरू व्हावेत अशी बायॉसमध्येच योजना असते. तो बिघाड नव्हे, सोय आहे. नको असल्यास तेथेच बंद करता येते. तिसरे कारण तर प्रणालीचेच होते. 'अपडेट अँड शट डाउन' निवडले असता सुधारणा करून बंद होण्याऐवजी यंत्र पुन्हा सुरू होऊन बसे, ही तक्रार कित्येक वर्षांची. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने तिच्यावरील दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ च्या ऐच्छिक सुधारणेत दिली. ज्यांचे यंत्र तेव्हापासून सुधारलेले नाही, त्यांनी प्रथम ती सुधारणा करून घ्यावी.

विद्यार्थ्यांपैकी काहींच्या लॅपटॉपवर लिनक्स असते. तेथे बंद होताना 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' असे वाक्य येऊन घड्याळ चालू होते. ही मुदत सामान्यतः दीड मिनिटाची असते. ती संपेपर्यंत थांबावे, आणि ज्या कामाचे नाव तेथे लिहिले असेल ते टिपून घ्यावे.

५. बळाचा उपयोग केव्हा करावा?

सर्व उपाय थकले, साठ्याचा दिवा शांत आहे, पडद्यावर सुधारणेचे वाक्य नाही आणि पंधरावीस मिनिटे काहीच हालचाल नाही, अशा वेळी बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर नसते. एसीपीआयच्या नियमांप्रमाणे चार सेकंदांहून अधिक दाबल्यास वीज तुटावी अशी योजना आहे. प्रत्यक्षात काही यंत्रांना दहा किंवा त्याहून अधिक सेकंद लागतात. दिवा विझेपर्यंत बोट सोडू नये.

यात धोका काय, ते नीट समजून घ्यावे. विंडोजची साठवणूक एनटीएफएस नावाच्या पद्धतीने होते. ती आपल्या रचनेतील प्रत्येक बदलाची आगाऊ नोंद ठेवते. त्यामुळे अचानक वीज गेली, तरी कपाटाच्या फळ्या व खणांच्या चिठ्ठ्या शाबूत राहतात. परंतु खणातील कागद अर्धवट लिहिलेला असेल, तर तो पुरा करण्याची हमी ती पद्धत देत नाही. हिशेबाची आज्ञावली एकाच वेळी अनेक ठिकाणी लिहीत असते; देणगीची रक्कम लिहिली गेली आणि पावतीचा क्रमांक राहिला, असे होऊ शकते. म्हणून बळाने बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी पहिले काम म्हणजे शेवटच्या काही नोंदी कागदी पावतीपुस्तकाशी ताडून पाहणे. एकदा बळ वापरणे ही आपत्ती झाली. रोज वापरणे ही सवय झाली, आणि ती सवय केव्हातरी किंमत घेतेच.

बळाचा प्रयोग क वर्गात एका वेगळ्या रीतीने उपकारकही ठरतो. यंत्र विझल्यावर चार्जर व सर्व जोडणी काढावी. बॅटरी निघणारी असल्यास तीही काढावी. मग बटण पंधरा ते तीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साचलेली उरलीसुरली वीज निघून जाते. नंतर सर्व जागच्या जागी जोडून यंत्र सुरू करावे. दिवा व पंखा सांभाळणारा लहान नियंत्रक कधी कधी गोंधळून बसलेला असतो; तो यामुळे ताळ्यावर येतो.

६. दोषी शोधण्याची रीत

वरील उपायांनी दुखणे हटले नाही, तर चौकशी पद्धतशीर करावी लागते. तिचा पहिला नियम असा, की एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह वहीत लिहावा. तीन बदल एकदम केले आणि यंत्र सुधारले, तर कशाने सुधारले ते कळत नाही. बिघडले, तर परतीची वाट सापडत नाही.

प्रथम यंत्राची स्वतःची रोजनिशी वाचावी. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्ज' मधील 'सिस्टिम' पाहावे. तेथे प्रत्येक घटनेस क्रमांक असतो. १०७४ म्हणजे कोणीतरी रीतसर बंद करण्याची आज्ञा दिली. ६००६ म्हणजे नोंदी ठेवणारी सेवा नीट थांबली. हे सुखरूप बंद झाल्याचे चिन्ह. ६००८ म्हणजे मागील बंद होणे अनपेक्षित होते. ४१ म्हणजे यंत्र नीट बंद न होताच पुन्हा सुरू झाले. ही ४१ ची नोंद पाहून घाबरू नये. ती केवळ काय घडले ते सांगते, का घडले ते सांगत नाही. का, याचा धागा तिच्या आधीच्या दोनतीन मिनिटांतील नोंदींत शोधावा.

नंतर यंत्र 'सेफ मोड' मध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढ्याच सामग्रीवर, सुरू करून बंद करून पाहावे. तेथे ते नीट विझत असेल, तर मूळ प्रणाली बहुधा निरोगी आहे आणि दोष वरून बसविलेल्या एखाद्या आज्ञावलीत किंवा ड्रायव्हरमध्ये आहे, असे अनुमान निघते. मग 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' मध्ये 'सर्व्हिसेस' खाली प्रथम 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' ही खूण न चुकता करावी. उरलेल्या सेवांपैकी निम्म्या थांबवून पाहावे. दुखणे गेले, तर दोषी त्या थांबविलेल्या निम्म्यांत. न गेले, तर चालू असलेल्यांत. पुन्हा निम्मे करावे. सोळा सेवा असल्या आणि दोषी एकच असला, तर चार प्रयोगांत तो हाती लागतो. एकेक करून पाहिल्यास पंधरा वेळा यंत्र सुरू व बंद करावे लागले असते. धान्यातील खडा शोधताना सूप दोन भागांत करणाऱ्या गृहिणीला ही युक्ती सांगावी लागत नाही.

साठ्याच्या तब्येतीचीही एकदा चौकशी करावी. सी या विभागाच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'टूल्स' खाली 'चेक' असे आहे, त्याने तपासणी होते. यंत्र बंद होताना तर अडतेच, पण फाइल उघडतानाही थबकते किंवा वाचता येत नसल्याचे सांगते, असे असेल, तर साठा अखेरीस आला असण्याचा संभव आहे. तेव्हा सर्व प्रयोग थांबवून आधी प्रत काढावी.

७. दुकानात देण्यापूर्वी

काही लक्षणे घरगुती उपायांपलीकडची असतात. स्पर्शपट्टी वर उचलली गेली आहे, झाकण पूर्ण बसत नाही, पाठ फुगली आहे, ही बॅटरी सुजल्याची चिन्हे होत. अशा यंत्राचा वापर तत्काळ थांबवावा, चार्जर लावू नये आणि बॅटरी दाबू वा टोचू नये. जळका वास किंवा असह्य उष्णता असेल, तरीही तसेच.

दुरुस्तीस देताना तीन गोष्टी स्वतःच्या हाती ठेवाव्यात. पहिली, सर्व महत्त्वाच्या माहितीची बाहेरच्या साठ्यावरील प्रत, आणि ती उघडते याची खात्री. दुसरी, गुप्तलेखनाची किल्ली. नव्या विंडोज लॅपटॉपांत साठा पुष्कळदा आपोआप कुलूपबंद असतो, आणि बायॉसमध्ये बदल केल्यास किंवा सेफ मोडकडे जाताना ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. ते खाते कोणाचे? दहा वर्षांपूर्वीच्या चिटणीसांच्या मुलाचे असेल, तर आजच चौकशी करावी. कारण किल्ली नसेल, तर आत सर्व असूनही आपल्यापुरते काही नाही. तिसरी गोष्ट म्हणजे आपले टिपण : लक्षण कोणते, केव्हापासून, काय करून पाहिले, काय झाले. हे टिपण हाती असले, की कारागिराचा वेळ वाचतो आणि 'सगळे पुसावे लागेल' या निर्णयास जाण्यापूर्वी तोही विचार करतो. पुसणे हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे.

८. नित्यक्रम

कचेरीत आणि घरीही पुढील नेम पाळल्यास यांतील बहुतेक प्रसंग येणारच नाहीत.

संध्याकाळी काम जतन करून प्रत्येक ॲप स्वतः मिटावे आणि मगच 'शट डाउन' म्हणावे. पेन ड्राइव्ह रीतसर निरोप देऊन काढावा. आठवड्यातून एकदा 'रिस्टार्ट' करावे. सुधारणांसाठी महिन्यातील एक निवांत दुपार राखून ठेवावी; वर्षअखेरीच्या किंवा निवडणुकीच्या सभेच्या आदल्या रात्री त्या करू नयेत. दिवा विझला व पंखा थांबला हे पाहिल्याशिवाय लॅपटॉप पिशवीत घालू नये. ज्याची बॅटरी पार थकली आहे, अशा लॅपटॉपास प्रत्येक वीजखंड म्हणजे जबरदस्तीने बंद होणेच असते. तेव्हा नवी बॅटरी ही चैन नसून काटकसर आहे. आणि दर शनिवारी हिशेबाची एक प्रत निराळ्या जागी जावी, व प्रत कोणी घेतली त्याची सही वहीत असावी.

आपल्या आधीच्या पिढीने संस्थेच्या वह्या वाळवीपासून, ओलीपासून आणि अनेक घरबदलांतून जपल्या, म्हणून आज या स्मरणिकेत पहिल्या देणगीदारांची नावे आपण बिनचूक छापू शकलो. पुढच्या महोत्सवाच्या संपादकांना आपल्या काळातील नावे सापडावीत, अशी इच्छा असेल, तर वाळवीची जागा आता कोणी घेतली आहे हे ओळखले पाहिजे. रोज संध्याकाळची दोन मिनिटांची धीराची निरवानिरव, एवढाच तिच्यावरचा मुख्य उपाय आहे. तो ज्याच्या हाती शेवटी लॅपटॉप असतो त्याने करावयाचा आहे, मग तो विश्वस्त असो, कारकून असो, की सुटीत मदतीस आलेला एखादा विद्यार्थी.